मसूरचे स्थानक आणि आईची हाक

माझी आई खडी फोडीत असे. १९७२ च्या दुष्काळात तिच्या हाती आलेला हातोडा पुढे रोजगार हमीच्या कामांवरही सुटला नाही. वडील लवकर गेले. कडेगावच्या माळावर आमची जमीन नव्हती. होते ते आईचे दोन हात आणि माझी शाळा.

सातवीत असताना एका भर उन्हात, शाळेतून परतताना, मी वाटेवरच्या घरी पाणी मागितले. ‘कुणाचा रे तू?’ या प्रश्नाला मी वर्गमित्राचे आडनाव सांगितले. पाण्याने भरलेला तांब्या थेट हाती आला. मी पीत असतानाच समोरच्या कामावरून आईने हाक मारली. मी वळून पाहिले नाही. रात्री तिने नेहमीसारखी भाकरी वाढली. विचारले काहीच नाही.

पुढे इतिहासात एम.ए. करताना बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ वाचनात आले. १९०१ साली सुमारे नऊ वर्षांचा भीम साताऱ्याहून वडिलांकडे निघाला आणि मसूर स्थानकावर उतरला. रामजीबाबा गोरेगावी दुष्काळग्रस्तांसाठी चाललेल्या तलावाच्या कामावर रोखपाल होते. स्टेशनमास्तरांनी विचारताच भीमाने आपली जात खरी सांगितली आणि एकही गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकली. रात्री टोलनाक्यावर त्याच भीमाने पाण्यासाठी आपण मुसलमान असल्याचे सांगितले. तरीही पाणी मिळाले नाही. जवळ अन्न असून मुले उपाशी झोपली. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारे बाबासाहेब ते हेच.

मसूर आमच्यापासून दूर नाही. मला उमगले, की खोट्या आडनावाची लाज माझी नव्हे. पाण्याआधी आडनाव विचारणाऱ्या व्यवस्थेची आहे. मात्र आईला ओ न देणे माझेच होते. त्यासाठी इतिहासाची ढाल पुढे करता येत नाही.

त्याच सुट्टीत मी तिला सारे सांगितले. ती म्हणाली, “मला तवाच कळलं हुतं. तू तान्हेला हुतास, म्हणून परत हाक मारली न्हाई.”

आई आज नाही. या शाळेतील लेकरांनो, येथे पाण्यासाठी कोणी आडनाव विचारीत नाही. बाहेर कदाचित विचारतील. तेव्हा आपले खरे नाव सांगा. आणि कामाच्या धुळीतून आईची हाक आली, तर आधी ओ द्या.

जय भीम!