सातखणीपाशी मी चुकले होते

जयपूरला गोपालपुरा बायपासला आम्ही राहायला आलो, त्याला यंदा तेवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत महाराष्ट्रातून जो कोणी आमच्याकडे आला, त्याला मी एकच सांगत आले: गाईड घ्यायचा नाही, मी आहे ना. त्यामागे कारण होतं. आमेरच्या चढावर घाईघाईने हाकलली जाणारी माणसं मी पाहिली होती. तासाभरात किल्ला उरकायचा आणि पुढचे दोन तास रजयांच्या दुकानात बसवून ठेवायचं. माझे एक काका असेच एका दुकानातून तीन रजया घेऊन आले आणि हवामहल मात्र त्यांनी बसच्या खिडकीतून पाहिला. तेव्हापासून 'एका दिवसाची गाईडसह सहल' हे शब्द ऐकले तरी मला राग यायचा.

गेल्या थंडीत मुंबईच्या भाचीने मला न विचारता अशाच सहलीची दोन तिकिटं काढली. तीही चौल-रेवदंडा-कोर्लईची. रेवदंडा माझं आजोळ. मी तिला स्पष्ट म्हटलं, "माझ्याच आजोळी मला कोण काय दाखवणार?" ती काही बोलली नाही. मग माझ्याच लक्षात आलं, की मामा-मामी गेल्यावर वाडी विकली गेली, घर पडलं. ज्या दारात चपला काढून आत जावं असं एकही दार मला तिथे उरलेलं नव्हतं. जायचं तर आता असंच जायचं.

सकाळी गेटवेहून लाँचने मांडवा, तिथून बसने अलिबागवरून खाली. आमची गाईड तिशीच्या आतली, त्याच भागातली मुलगी. मी मागच्या सीटवर बसून ती कुठे चुकते याची वाट पाहत होते, हे मला इथे लिहिलंच पाहिजे.

चुकले मी. रेवदंड्याच्या कोटात, नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये सातखणी उभी आहे. वरचे मजले केव्हाच गेले, तरी मान वर करूनच पाहावी लागते. आजोबा आम्हाला सांगायचे, हा टेहळणीचा बुरूज, इथून जहाजं दिसायची. मी तेच माझ्या मुलांना सांगितलं, तेच बसमध्ये भाचीलाही. गाईड म्हणाली, "मावशी, हा चर्चचा मनोरा. फ्रान्सिस्कन साधूंचा मठ होता इथे." आणि तिने नुसतं सांगितलं नाही. भोवतीच्या पडक्या भिंती चालून दाखवल्या, चर्चची लांबी कुठून कुठपर्यंत होती ते पावलांनी मोजून दाखवलं. लहानपणी त्याच जोत्यांवर मी सुपाऱ्या वाळत घातलेल्या पाहिल्या होत्या. ते चर्च होतं हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

पुढे मी वाद घालायचं सोडलं आणि ऐकू लागले. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी १४६९च्या सुमारास होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला, वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. तो घोडा पुढे जुन्नरच्या खानाने हिसकावून घेतला. सिनेगॉगपाशी तिने शनवार तेल्यांबद्दल सांगितलं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे बेने इस्रायली, गावावरून आडनावं घेतलेले. आजीच्या तोंडी 'शनवार तेली' हा शब्द मी शंभरदा ऐकला होता, पण त्याचा अर्थ कधी विचारला नव्हता.

दुपारी कुंडलिकेवरचा साळावचा पूल ओलांडून कोर्लईला गेलो. वसई १७३९ला चिमाजीअप्पांनी घेतली, त्यानंतरच्या वर्षी चौल-रेवदंडा आणि कोर्लईही मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज निघून गेले, पण किल्ल्याखालच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेवरून झालेली बोली राहिली. आज ती बोलणारे हजाराच्या आसपास आहेत. आम्ही किल्ला चढलो नाही. त्याऐवजी एका घराच्या पडवीत बसलो आणि तिथल्या बाईंनी त्यांच्या बोलीत आम्हाला आकडे मोजून दाखवले, मग मराठीत चहाचं विचारलं. आजोळच्या घरापासून हे गाव खाडीपलीकडे, इतकं जवळ. सुट्टीत आम्ही रोज किनाऱ्यावरून कोर्लईचा डोंगर बघायचो आणि तिथे कोण राहतं हे कोणीही, कधीही विचारलं नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं. जे आपलं असतं ते आपण बघितलेलंच आहे असं मी धरून चालले होते.

दिवस पुरला का? नाही पुरला. चौलच्या रामेश्वराला जेमतेम वीस मिनिटं मिळाली. पण ती मुलगी आम्हाला कुठल्याही दुकानात घेऊन गेली नाही, आणि 'हे नक्की ठाऊक नाही' असं दोनदा मोकळेपणाने म्हणाली. तेवीस वर्षांत पाहुण्यांना आमेर दाखवताना मी एकदाही तसं म्हटलेलं नाही.

तिने सांगितलेली एक गोष्ट मात्र परतीच्या गाडीत मला झोपू देईना. टॉलेमीने दुसऱ्या शतकात आपल्या भूगोलाच्या ग्रंथात 'सिमिल्ला' म्हणून जे बंदर नोंदवलं, ते आपलं चौल मानतात. टॉलेमी हे नाव मी आमच्या जयपुरात ऐकलं होतं. जंतरमंतर बांधणाऱ्या सवाई जयसिंहाच्या पदरी महाराष्ट्रातून आलेले जगन्नाथ सम्राट होते. त्यांनी टॉलेमीचाच खगोलग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला, तो १७३२चा 'सम्राट-सिद्धांत'. म्हणजे जंतरमंतर आणि सातखणी या माझ्या दोन गावांमध्ये टॉलेमी हा एक माणूस उभा होता, आणि मी दोन्हीकडे नुसती फिरत होते.

पुढच्या महिन्यात भाची जयपूरला येते आहे. जंतरमंतरसाठी मी गाईड ठरवला आहे. त्याला फोनवर आधीच सांगून ठेवलं, की रजयांचं दुकान नको. पूर्ण दोन तास तिथेच हवेत, आणि जगन्नाथ पंडितांबद्दल जे ठाऊक असेल ते सगळं सांगा, मी ऐकायला येणार आहे.