पन्नासचा आकडा

कायद्यात आकडे सापडले की आम्हा इंजिनिअर लोकांना जरा बरं वाटतं. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ मध्ये असाच एक आकडा दडलाय - पन्नास.

म्हणजे बघा, तुम्ही कागदावर एक लॅम्प रेखाटलात. त्याला कॉपीराइट आपोआप मिळतो, नोंदणी लागत नाही, आणि तो तुमच्या पश्चात ६० वर्षं टिकतो. पण त्यावरून मशीनवर लॅम्प काढायला लागलात आणि डिझाइनची नोंदणी केली नाहीत, तर पन्नास नग ओलांडले की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट खल्लास! नोंदणी केलीत तर २००० चा डिझाइन कायदा लागू. १० वर्षं, वर फार तर ५. कलेला लांब आयुष्य, कारखान्यातल्या मालाला छोटं. हेतू रास्तच आहे, नाहीतर साध्या खुर्चीचा आकारसुद्धा शंभर वर्षं कुलुपात राहायचा.

खरी गोम पुढेच आहे. नोंदणीसाठी डिझाइन नवं लागतं, अर्जाआधी लोकांसमोर आलेलं चालत नाही. भोसरीतला माझा एक मित्र सीएनसीवर लाकडी लॅम्प बनवतो. "आधी खपतात का बघू, मग नोंदणी करू" हा त्याचा हिशोब. शंभरेक खपले आणि हुबेहूब तसाच लॅम्प बाजारात निम्म्या किमतीत आला. वकिलांनी हात वर केले. पहिल्या विक्रीलाच एक दार बंद झालं होतं, एकावन्नाव्या नगाला दुसरं.

१५ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या एलएनजी ट्रेलरच्या ड्रॉइंग्जच्या खटल्यात दोन पायऱ्या घालून दिल्या. आधी बघायचं, ही निव्वळ कलाकृती आहे की उद्योगात उतरवलेलं डिझाइन? कॉपीराइट बसत नसेल, तर मुख्य हेतू काय, दिसणं की काम? नुसतं काम करणाऱ्या आकाराला डिझाइनचं संरक्षणही नाही. आणि हे पुरावे तपासूनच ठरवायचं, दावा दारातच फेटाळून नाही.

गंमत म्हणजे आमचा कोड कायद्याच्या लेखी 'साहित्यकृती'! त्याच्या लाखो कॉप्या निघाल्या तरी कॉपीराइट जागचा हलत नाही. मित्राच्या लॅम्पला मात्र पन्नासची वेस.

असो. तुमच्यापैकी कोणी वीकेंडला काही घडवत असेल तर एवढंच सांगेन: नेटवर फोटो टाकण्याआधी नोंदणीचा अर्ज टाका.