केईएमची चटई

पुनर्विकासासाठी चाळीतली खोली रिकामी करताना भावाने माळ्यावरची चटई भंगारवाल्याला देऊन टाकली. मी पोचेपर्यंत हातगाडी निघून गेली होती. आमच्या घरात तिला सगळे केईएमची चटई म्हणत. गावाहून पेशंट आणि त्याच्या सोबतीचा माणूस आला की तीच अंथरायची. डेटॉल, खोबरेल आणि एसटीतल्या डिझेलचा वास तिला कायमचा चिकटला होता. भावाशी मी अजून धड बोललेले नाही.

परळच्या केईएम इस्पितळात अठराशेच्या आसपास खाटा आहेत म्हणतात. परळ-लालबागच्या खोल्यांत अंथरलेल्या चटया त्यात कुणी धरत नाही. राजापूर, संगमेश्वरच्या गाड्या पहाटे परळ डेपोला लागायच्या. गावातल्या डॉक्टरने हात टेकले की आमच्या नावाचं पत्र निघायचं, आणि कधी पत्राआधी पेशंटच दारात उभा. बाबा गिरणीत रातपाळीला, त्यामुळे रात्री एका माणसाची जागा आपोआप व्हायची. आई पेज करायची. भेटीच्या वेळेला शाळेच्या गणवेशातच डबा घेऊन जायची मी.

धाकटी काकू आली ती धाप लागून. गरोदरपणात जिना चढवेना. लहानपणी घसा सुजायचा, मग सांधे धरायचे, एवढंच तिला ठाऊक. त्या सांधेतापाने हृदयाची झडप आखडून टाकली होती. दाटीवाटीच्या, गरिबीच्या घरांतला हा आजार. डबा घेऊन गेले तेव्हा तिच्या खाटेभोवती मुलं-मुली उभी, अंगात पांढरे कोट. एकेक जण वाकून तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावत होता. काकूने पदर तोंडावर ओढून घेतलेला. मला इतका राग आला की डबा तिथेच आपटावासा वाटला. तेवढ्यात त्यांचे सर पुढे आले. त्यांनी पडदा ओढायला लावला, अर्ध्या पोरांना बाहेर काढलं आणि आपला स्टेथोस्कोप काकूच्याच कानांत घातला. ती ऐकत राहिली. मग पदर बाजूला करून तिने विचारलं, "ह्यो माज्या काळजाचा आवाज?" सर मुलांना म्हणाले, "झडप अरुंद झाली की ही गडगड येते. या बाईंनी आज तुम्हाला शिकवलंय. नमस्कार करा." मुलांनी केला.

इस्पितळाच्या दारावरची नावं मात्र वेगळ्यांची आहेत. इस्पितळ राजा एडवर्डच्या स्मरणार्थ, कॉलेज सेठ गोरधनदास सुंदरदासांच्या नावाचं. त्यांच्या विश्वस्तांनी पैसे देताना घातलेली अट मला फार मोलाची वाटते: शिकवणारे सगळे भारतीय असले पाहिजेत. वैद्यकातल्या मोठ्या जागा गोऱ्यांकडे जायच्या तो काळ. 1926 मध्ये इस्पितळ उघडलं. पहिले डीन जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. 1967 च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत बर्नार्डनी हृदय बदललं, आणि 1968 च्या फेब्रुवारीत परळमध्ये डॉ. पी. के. सेन यांनी तेच धाडस केलं. पेशंट काही तासच जगला. सेन यांचं नाव इतिहासात आहे, ते असायलाच हवं. पण ज्याने छाती उघडू दिली, ज्याच्या घरच्यांनी मेलेल्या माणसाचं हृदय देऊ केलं, त्यांची नावं कुणाला आठवतात?

काकूचं ऑपरेशन हृदय न थांबवता झालं. धडधडत्या हृदयात बोट घालून झडप मोकळी करायची, अशी तेव्हाची पद्धत. ती वाचली, पोरगीही वाचली. त्या पांढऱ्या कोटांतली मुलं आता साठीला आली असतील. कुणी ह्यूस्टनला असेल, कुणी पेडर रोडला. सरकारी इस्पितळात गरिबांवर हात साफ करतात, असं कुणी तोंड वाकडं करून बोललं की माझं डोकं फिरतं. बोलणाऱ्याचा स्वतःचा डॉक्टर कुणाच्या छातीवर कान लावून शिकला, हे त्याने कधी विचारलेलं नसतं. शिकवण्याची ही फी माझ्या गावाने भरली आहे, गिरणगावाने भरली आहे. पावती मात्र कुणी दिली नाही.

आता चाळी पडताहेत. पेशंट यायचे थांबलेले नाहीत. टाटा कॅन्सर इस्पितळ आणि केईएमच्या मधल्या फुटपाथवर बिहारचे, विदर्भाचे संसार दिसतात. एक्स-रेचं पाकीट उशाला, पोर मांडीवर. गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा कितीजणांना पुरणार? आमच्या नव्या टॉवरमध्ये जिम आहे, मुलांना खेळायला खोली आहे. पेशंटच्या नातेवाइकांसाठी तळमजल्यावर एक खोली ठेवा, असं मी सोसायटीच्या सभेत मांडलं. सुरक्षेचा प्रश्न येईल म्हणाले. विरोध करणाऱ्यांत ज्यांच्या घरी अशीच चटई होती, तेही होते. पुढच्या सभेला मी विषय पुन्हा लेखी देणार आहे.

सभा संपल्यावर आमचा वॉचमन जवळ आला. त्याच्या बायकोचे पाय सुजतात, जिना चढताना दम लागतो, महिना झाला. लहानपणी सांधे दुखायचे का, मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं. सोमवारी सकाळी सातलाच केसपेपरच्या रांगेत लाग म्हटलं, जुने कागद घे, तिला रिकाम्या पोटी आणू नकोस, मी गेटवर असेन.