निळ्या पापण्या

बंगळूरच्या राजाजीनगरातील एका जुन्या घरात, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, सुया, दोऱ्याची रिळे आणि निरनिराळ्या मापांची बटणे यांच्या सोबतीने प्लॅस्टिकची एक चपटी डबी गेली पस्तीस-चाळीस वर्षे पडून आहे. आतील निळी आयशॅडो वाळून भेगाळली आहे. पण तिच्यावर बोट फिरवले की बोटाचे टोक अजूनही चंदेरी निळे होते. डबीच्या मालकीणबाई आता सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत. घराणे नामदेव शिंप्यांचे. चिकपेटेत कपडे शिवण्यात पिढ्या गेल्या. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि घरातल्या मराठीलाही कन्नडचा हेल. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हापासून या शहराला मराठी परकी राहिलेली नाही, हे महाराष्ट्रातील वाचकाला अधूनमधून सांगावे लागते.

1980 च्या सुमारास या बाई जालहळ्ळीच्या एच.एम.टी. घड्याळ कारखान्यात लागल्या. सिटिझन या जपानी कंपनीच्या साहाय्याने 1961 साली सुरू झालेल्या या उद्योगात जुळणीचे नाजूक काम अनेक स्त्रिया करीत. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि समोर मोहरीहून बारीक स्क्रू. घड्याळाच्या पोटात धुळीचा कण गेलेला चालत नाही, मग गालावरची पावडर कशी चालावी? कामाच्या दिवशी चेहरा कोरा राही. त्याची सारी भरपाई रविवारी संध्याकाळी होई. पापण्यांवर निळा रंग थेट भुवईपर्यंत चढवलेला, गालांवर लालीचे तिरपे पट्टे, ओठांवर ओलसर चकाकणारी लिपस्टिक. त्या काळी प्रसाधनांवर चैनीची वस्तू म्हणून भारी अबकारी कर होता. तरीही डबी घेतली ती स्वतःच्या पगारातून. वडिलांनी पाहिले, चष्मा पुसला आणि पुन्हा मशीन चालवायला घेतले. ते बोलले नाहीत, हे त्यांच्या लेकीला अजूनही आठवते.

दशकच तसे होते. 1982 साली दूरदर्शनला रंग आला. त्याच वर्षी ‘डिस्को डान्सर’ आला. 1987 मध्ये रविचंद्रन आणि जुही चावला यांच्या ‘प्रेमलोक’ने कन्नड तरुणाईला वेड लावले. केंपेगौडा रस्त्यावरील चित्रगृहांतून बाहेर पडणाऱ्या मुलींच्या पापण्या पडद्यावरचा उजेड अंगाला लावून आल्यासारख्या चमकत.

भरताने नाट्यशास्त्रात अंगरचनेचा अंतर्भाव आहार्य अभिनयात केला आणि पांढरा, पिवळा, निळा व तांबडा हे मूळ वर्ण मानले. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांच्या काळी रंग ठळक लावावा लागे, कारण नटाचा चेहरा शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असे. रविवारी फिरायला निघालेल्या मुलीपुढे तशी अडचण नव्हती. तिने रंग लावला तो लावलेला दिसावा म्हणूनच. आज तासभर खपून ‘काहीच केलेले नाही’ असा चेहरा घडवण्याची रीत आहे. तिच्या तुलनेत तो भडकपणा निदान प्रामाणिक होता. ऐंशीच्या दशकाच्या आठवणीने हळवे होणाऱ्यांचे एवढे म्हणणे मान्य करायला हवे.

एवढेच. कारण ती चमक कुठून येते, हे या हळवेपणात सहसा येत नाही. मोत्यासारखी झळाळी देणाऱ्या रंगांत पुष्कळदा अभ्रकाच्या अतिशय पातळ पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर दिलेला असतो. थराची जाडी बदलली की परावर्तित होणारा रंग बदलतो. म्हणजे असा निळा हा पुष्कळसा प्रकाशाचाच खेळ. आणि अभ्रक? झारखंडातील कोडरमा-गिरिडीहच्या पट्ट्यात टाकून दिलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून ते वेचणाऱ्यांत लहान मुले असल्याचे वारंवार उघडकीस आले आहे. पापणीवरून पुसून टाकायला कापसाचा एक बोळा पुरतो.

दुसरी गोष्ट घरातलीच आहे. अलीकडे भावाच्या मुलीच्या महाविद्यालयात ऐंशीच्या दशकाच्या वेशभूषेचा कार्यक्रम ठरला. भाचीला डबीचा शोध लागला. ‘आत्या, हीच लावते!’ आत्यांनी जुना रंग डोळ्यांना लावू दिला नाही, पण अल्बम मात्र हौसेने काढला. लालबागेतील काचघरापुढे चार मैत्रिणी उभ्या आहेत. निळ्या पापण्या, फुगवलेले केस, हसू. भाची बराच वेळ पाहत राहिली आणि मग तिने विचारले, की सगळ्यांच्या माना वेगळ्या रंगाच्या का?

छायाचित्र जुने झाल्यामुळे असेल, असे आत्या म्हणाल्या. नंतर अल्बम जवळ ओढून त्यांनी स्वतःच पाहिले. चेहरे गुलाबीसर पांढरे आणि हनुवटीच्या खाली एकाएकी सावळी मान. त्यांच्या हाताशी येणाऱ्या फाउंडेशनच्या छटा गोऱ्या किंवा त्याहून गोऱ्या. सावळ्या कातडीवर आधी पांढरा थर देऊन मगच निळे धाडस करावे लागे. ‘फेअर अँड लव्हली’ 1975 पासून बाजारात होतीच. तिच्या नावातील ‘फेअर’ गळायला 2020 साल उजाडले. आपल्या रविवारांत कोणी अडवले नाही, असे आत्या इतकी वर्षे सांगत आल्या होत्या, आणि ते खोटेही नव्हते. पण मान झाकायला उंच गळ्याचा ब्लाउज आपणच शिवून घेत होतो, हे त्यांना त्या दुपारी आठवले.

जालहळ्ळीचा तो घड्याळ-उद्योग बंद करण्याचा निर्णय 2016 साली झाला. आत्यांच्या मनगटावरचे घड्याळ अजून किल्ली दिली की चालते. कार्यक्रमाच्या दिवशी भाचीने चमकत्या निळ्या पापण्या रंगवल्या आणि त्याआधी स्वतःच्या गव्हाळ-सावळ्या रंगाला जुळणारा थर लावला. तो मानेपर्यंत एकसारखा होता. आत्या पलंगावर बसून पाहत होत्या. ती निघता निघता त्यांनी विचारले, ‘यात माझ्या रंगाचं मिळतं का गं?’

भाचीने पिशवी खाली ठेवली, दोन-तीन बाटल्या काढल्या आणि त्यांची मान उजेडाकडे वळवली.