ग्वाल्हेरची लू आणि शिवपुरीचा वणवा

मे २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात एका जुन्या स्नेह्यांच्या निमंत्रणावरून आम्हांस ग्वाल्हेरला जाण्याचा योग आला. वसईच्या खाऱ्या वाऱ्यावर वाढलेल्या माणसाने त्या दिवसांत तिकडे फिरकू नये, असे आमच्या धर्मग्रामातील जाणत्या मंडळींनी बजावले होते. पंजाब मेलमधून दुपारी फलाटावर उतरलो मात्र, त्यांच्या शहाणपणाची प्रचिती आली! वारा होता, परंतु भट्टीचे दार उघडल्यावर अंगावर येतो तसला. आपल्याकडे घामाने माणूस त्रासतो; तेथे घाम दिसण्यापूर्वीच सुकतो आणि आपण किती कोरडे पडलो हे कळतही नाही. या वाऱ्याला तिकडे 'लू' म्हणतात.

आमचे यजमान लष्कर भागातील एक निवृत्त शिक्षक. दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी येथे पडली आणि त्या छावणीचेच पुढे शहर झाले. म्हणून हे नाव. त्यांच्या घरातील मराठी हिंदीच्या शेजाराने थोडी वाकली आहे, पण कैरीचे पन्हे अगदी आपल्याकडचे. ते पीत, वाळ्याचे पडदे सोडलेल्या माजघरात, आम्ही दुपारभर एकाच विषयावर वाद घातला: हा उन्हाळा एवढा कशाने तापतो?

यजमानांचे धाकटे बंधू म्हणाले, "फादर, यात नवे काय? राणीसाहेबांच्या वेळीही असेच होते." इतिहास त्यांच्या बाजूस होता. १८५८ च्या मे महिन्यात कोंचच्या लढाईत इंग्रज सेनापती ह्यू रोज यास एकाच दिवसात अनेकदा ऊन लागले, आणि त्याचे कित्येक शिपाई गोळीवाचून पडले. जूनमध्ये ग्वाल्हेरच्या वेशीवर राणी लक्ष्मीबाई लढता लढता पडल्या, तो काळही ह्याच लूचा. समुद्र दूर, पश्चिमेस राजस्थानचे वाळवंट, निरभ्र आकाश आणि दिवसभर तापणारा दगड. ग्वाल्हेर थंड राहावे तरी कसे?

शेजारचे वकील मात्र आकड्यांवरच उखडले होते. आदल्याच दिवशी, २८ मे रोजी, शेजारच्या झांशीत पारा ४९ अंशांवर गेला होता, आणि त्या दिवशी तर दिल्लीजवळच्या मुंगेशपूरच्या यंत्राने ५२.९ अंश दाखविले. "कोण विश्वास ठेवील?" असे ते म्हणत. त्यांचा संशय अगदीच अनाठायी नव्हता. त्या यंत्रात सुमारे तीन अंशांची चूक होती, हे पुढे हवामान खात्यानेच तपासून जाहीर केले. तथापि एक घड्याळ पुढे धावले म्हणून दिवस मावळावयाचा राहत नाही.

आमचे म्हणणे आम्ही असे मांडले. लू जुनीच आहे. पण ती आता पाटावर उभी आहे. ठेंगणा मनुष्यही पाटावर चढला की फडताळाच्या वरच्या खणास हात लावतो. कोळसा आणि तेल जाळून आपण हवेतील कर्बवायूचे प्रमाण दशलक्षात २८० भागांवरून ४२० च्या वर नेले आहे, आणि पृथ्वीचे सरासरी तापमान शंभर-दीडशे वर्षांत अंशाहून अधिक चढले आहे. मनुष्याचा यातील वाटा निःसंशय आहे, असे जगातील शास्त्रज्ञांच्या मंडळाने २०२१ च्या अहवालात सांगितले. ही गोष्ट नाकारणारे ख्रिस्तसभेतही आहेत, याबद्दलची खंत पोप फ्रान्सिस यांनी २०२३ च्या आपल्या पत्रात व्यक्त केली होती. वकीलसाहेबांनी मान हलविली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे आम्हांस उमगले नाही.

एवढ्यात दारात सायकल आदळली. कूलरच्या जाळ्यांत भरावयाचा वाळा विकणारा मनुष्य भारा तसाच टाकून पायरीवर बसला होता. डोळे लाल, अंग तव्यासारखे, आणि बोलणे असंबद्ध. वाद तेथेच राहिला. बंधूंनी त्यास आत ओढून घेतले, वकिलांनी आपला पंचा भिजवून त्याच्या मानेवर व काखेत ठेवला, आम्ही वारा घातला. तो शुद्धीवर येऊन स्वतःच्या हाताने भांडे धरू लागला तेव्हा कोठे त्यास घोट घोट पाणी दिले. डॉक्टरकडे नेतो म्हटले तर तो भाऱ्याकडे बघू लागला. हेच चार आठवडे त्याच्या कमाईचे. ऊन उतरले की वाळा कोण घेणार? अखेर यजमानांनी सगळा भारा विकत घेतला, आणि मगच तो रिक्षात बसला. कारण कोणतेही असो, ते सर्वप्रथम त्याच्याच डोक्यावर पडले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघून सुमारे ११५ किलोमीटरवरील शिवपुरी पाहिली. शिंद्यांची ही उन्हाळ्याची राजधानी. तलावाकाठी गारवा आहे खरा, पण वाटेतील करधई आणि धावड्याच्या रानात कित्येक उतार काळेठिक्कर पडलेले. बांबूवर बांबू घासून वणवा पेटतो, असे आपण लहानपणापासून ऐकतो. वस्तुतः ऑस्ट्रेलियात २०१९-२० साली जे प्रलयंकारी वणवे लागले, त्यांतील बहुतेक मोठे विजांनी पेटले, असे न्यू साउथ वेल्सच्या चौकशीत आढळले. आपल्याकडे काडी बहुधा माणसाच्याच हातातली. मोहाची फुले नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणून झुडपे जाळतात.

वाटेत भेटलेल्या एका सहरिया म्हातारीस आम्ही हे विचारले. तिने लपविले नाही. आग पूर्वीही लावीत असू, ती झाडाभोवतीच विझे. आता पाचोळा इतका वाळलेला असतो की ती हातात राहत नाही, असे ती म्हणाली. मोह जळाला तर खाणार काय, हेही तिनेच विचारले. काडी कोणाची आणि पाचोळा कोणी वाळविला, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. माजघरात आम्ही चौघांनी मिळून ते एकच करून टाकले होते.

परतीच्या प्रवासात पहाटे कसारा घाट उतरल्यावर जाग आली. शहापूरच्या बाजूला शेतांतून राबाचे काळे चौकोन दिसत होते, आणि दूर एका डोंगराच्या कडेला धुराची बारीक रेघ वर चढत होती. शेजारच्या बाकावरील गृहस्थांनी विचारले, "वणवा का हो, फादर?" राब असेल, असे म्हणून आम्ही पुन्हा त्या रेघेकडे पाहू लागलो.