संगणक खात्याचे दार कोणासाठी उघडे?

महापालिकेचे अंदाजपत्रक आले की सोलापुरात दोन गोष्टींची चर्चा होते. पाणी किती दिवसांआड येणार आणि घरपट्टी वाढणार का? आपले कार्यकर्ते त्यात तिसरा प्रश्न घालतात, तो म्हणजे मागासवर्गीयांच्या कल्याणासाठीचा पाच टक्के निधी खर्च झाला की यंदाही पडून राहिला? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ते विचारून झाले की ते जाड पुस्तक मिटते. त्याच पुस्तकातले एक पान आपण कधी उघडत नाही. ते पान संगणक विभागाचे आहे. आमचे म्हणणे असे की आपल्या मुलांच्या नोकऱ्यांचा आणि आपल्या वस्त्यांच्या कागदपत्रांचा निकाल यापुढे त्या पानावर लागणार आहे.

काही मित्र म्हणतात, "अत्याचाराच्या केसेस पडल्या आहेत, शिष्यवृत्ती अडकल्या आहेत, आणि तुम्ही संगणक काय घेऊन बसलात?" मित्रांनो, शिष्यवृत्ती कशात अडकली आहे? पोर्टलमध्येच ना? वस्तीत काम करताना आमचा अर्धा दिवस दाखले, उतारे आणि नावातल्या दुरुस्त्या यांत जातो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला. त्यानंतर जन्मलेल्या मुलासाठी शाळाप्रवेशापासून मतदार नोंदणीपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा आहे. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते, म्हणजे जुन्या नोंदवह्या उघडाव्या लागतात. आजोबांच्या नोंदीत 'महार', नातवाच्या नोंदीत 'बौद्ध', आणि वहीतून संगणकात चढवताना आडनावाची एक वेलांटी चुकलेली. एवढ्यावर जातपडताळणी महिनोन्‌महिने थांबते. अशाच एका दुरुस्तीसाठी आम्ही एका कार्यालयात गेलो. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "मला अधिकार नाही, कंपनीला कळवावे लागेल." आतले साहेब म्हणाले, "सिस्टिममध्ये जे दिसते तेच आम्ही देणार." मुलगा कंपनीचा, सिस्टिम कंपनीची, आणि सही साहेबांची! मग चूक कोणाची, हे विचारायचे कोणाला?

याचे उत्तर शोधायला अंदाजपत्रकाची मांडणी समजून घ्यावी लागते. त्यात पगाराचा खर्च 'आस्थापना' या शीर्षाखाली येतो. कोणत्या खात्यात किती पदे, कोणत्या वेतनश्रेणीत, हे 'आकृतिबंधा'त ठरलेले असते आणि नवे पद निर्माण करायला राज्य शासनाची मंजुरी लागते. पद मंजूर झाले की बिंदुनामावली येते, जाहिरात येते आणि आरक्षण येते. पण तेच काम 'संगणक देखभाल' किंवा 'मनुष्यबळ सेवा' अशा शीर्षाखाली दाखवले, तर पद निर्माणच होत नाही. निविदा निघते, मक्तेदार येतो, मुले पुरवतो आणि महिन्याचे बिल लावतो. खुर्ची तीच, काम तेच. फक्त लेखाशीर्ष बदलले आणि संविधानाने दिलेला हक्क कागदावरून उतरला. कोणी जातीचा उच्चारही केला नाही!

आता कायदा पाहू. महाराष्ट्राचा २००१ चा लोकसेवा आरक्षण अधिनियम २९ जानेवारी २००४ पासून लागू झाला. तो महापालिकांनाही लागू आहे आणि त्यात अनुसूचित जातींना १३ टक्के व अनुसूचित जमातींना ७ टक्के आरक्षण आहे. पण त्याचे कलम ३ आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे? हा कायदा चार ठिकाणी लागू होत नाही, असे ते कलम सांगते. वैद्यकीय, तांत्रिक व शैक्षणिक क्षेत्रांतील अतिविशेषीकृत पदे, बदलीने किंवा प्रतिनियुक्तीने भरायची पदे, ४५ दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुका, आणि एखाद्या संवर्गातील एकाकी पद, अशा या चार वाटा आहेत. संगणक विभाग लहान ठेवला की चारही वाटा तिथेच येऊन मिळतात. प्रमुखाचे पद एकच, म्हणून एकाकी. दुसरे पद दुसऱ्या खात्यातून आणलेल्या माणसाने भरायचे. तिसऱ्याला 'तज्ज्ञ' म्हणायचे. उरलेले काम मक्तेदाराकडे. त्याने पाठवलेला मुलगा तर नेमणुकीतच धरला जात नाही.

हा मुलगा पुष्कळदा आपलाच असतो. आमच्या अभ्यासिकेतून बीसीए, बीएस्सी झालेली, एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र हातात असलेली मुले ठोक मानधनावर अशा खिडक्यांवर बसली आहेत. पगार वेळेवर होत नाही, भविष्यनिर्वाह निधीची पावती दिसत नाही, आणि मक्ता बदलला की नवा मालक नव्याने अट घालतो. दहा वर्षे काम केले म्हणून कायम करा, असे म्हणायला जावे, तर उमादेवी खटल्यातील २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे केला जातो. नियमित निवडप्रक्रियेतून न आलेल्याला केवळ सेवेच्या वर्षांवर कायमपणाचा हक्क सांगता येत नाही, असे तो म्हणतो. म्हणजे आत येण्याचे दार आधी बंद करायचे आणि आत काम करणाऱ्याला नंतर विचारायचे की तू दाराने का आला नाहीस!

आपल्याकडे हे नवीन नाही. सोलापूर हे गिरण्यांचे गाव, म्हणून ही गोष्ट आपल्याला लवकर कळावी. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्याचा पगार चांगला होता आणि त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, तो विटाळेल, हे कारण. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि विणाई खाते आपल्या माणसांना खुले करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यायला लावली. गिरणीत आपली माणसे नव्हती असे नाही. ती होती, पण कमी पगाराच्या खात्यांत. बाबासाहेबांनी नुसती माणसे मोजली नाहीत, कोणत्या खात्यात आहेत तेही पाहिले.

आज महापालिकेत तोच हिशेब मांडून पाहा. सफाई खात्यात आपली माणसे आहेत. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे तिथे वारसाला नोकरी मिळते आणि तो हक्क टिकवायला संघटना लढतात, लढलेच पाहिजे. पण बापाचा झाडू मुलाला वारशाने मिळावा आणि त्याच मुलाने शिकून घेतलेल्या संगणकासाठी मात्र निविदा निघावी, याला प्रगती म्हणायचे का? गावगाड्यात काम जन्माने ठरत होते. इथे जन्माने मिळते ते काम तेवढे कायम, आणि शिक्षणाने मिळवलेले काम कंत्राटी.

"पैसा कुठे आहे?" हा पुढचा प्रश्न. सोलापूरला पैसा आला नव्हता असे नाही. २८ जानेवारी २०१६ रोजी स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांची यादी लागली, त्यात सोलापूर नवव्या क्रमांकावर होते. योजनेची रचना अशी की केंद्राने एका शहरामागे पाच वर्षांत ५०० कोटींपर्यंत द्यायचे आणि तेवढाच वाटा राज्य व महापालिकेने मिळून उचलायचा. कामासाठी सोलापूर सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन ही वेगळी कंपनी स्थापन झाली. ३१ मार्च २०२५ ला हे अभियान संपले. अशा अनुदानाचा स्वभाव ओळखला पाहिजे. ते भांडवली असते. त्यातून कॅमेरे येतात, सर्व्हर येतात, पडदे येतात. ते चालवणाऱ्या माणसाचा पगार महसुली खर्चातून द्यावा लागतो आणि तो द्यायला दिल्लीहून कोणी येत नाही. यंत्र अनुदानाचे आणि माणूस मक्त्याचा, हे दुखणे तिथून सुरू होते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, त्यानंतरची अंदाजपत्रके प्रशासकांनी मंजूर केली. आपल्या वॉर्डाचा नगरसेवक उभा राहून एक प्रश्न विचारेल, ही सोयही तेव्हा नव्हती.

शासनाची अट सांगितली जाते की आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत असला पाहिजे, त्याशिवाय भरती नाही. जकात गेली, एलबीटी गेला, २०१७ पासून महापालिका जीएसटीच्या भरपाईवर अवलंबून आहेत, हे सगळे खरे. पण मक्तेदाराला दिलेला पैसा त्याच तिजोरीतून जातो ना? तो पगाराच्या रकान्यात दिसत नाही, एवढेच. त्यात मक्तेदाराचा नफा असतो, आणि वर सगळी माहिती त्याच्या मुलांच्या डोक्यात राहते. मक्ता संपला की ती माहिती चालती होते आणि पुढच्या मक्तेदाराला पहिल्यापासून शिकवावे लागते. याला बचत म्हणायला आम्ही तयार नाही.

दुसरा आक्षेप असा की तंत्रज्ञान रोज बदलते, महापालिकेच्या पगारावर हुशार माणूस येत नाही. प्रत्येक प्रोग्रॅम महापालिकेनेच लिहावा, असे आम्हीही म्हणत नाही. पण कंपनीने काय दिले हे तपासणारा, करार वाचणारा, माहितीसाठ्याची किल्ली हातात ठेवणारा माणूस आपला हवा. केरळने १९९९ मध्ये 'इन्फर्मेशन केरळ मिशन' ही शासकीय संस्था काढली आणि स्थानिक संस्थांची जन्मनोंदणी, करवसुली यांसाठीची प्रणाली तिथे तयार होऊ लागली. १ जानेवारी २०२४ पासून तिथल्या नगरपालिकांत सुरू झालेली 'के-स्मार्ट' ही प्रणालीही याच संस्थेची आहे. सार्वजनिक संस्था हे करू शकते, एवढे तरी त्यातून दिसते. आणि हुशारीचे म्हणाल, तर जो मुलगा दहा हजारांत तुमची सिस्टिम चालवतो तो हुशार, आणि तोच मुलगा बिंदुनामावलीतून आला की गुणवत्ता घसरते, हे गणित आम्हाला समाजशास्त्राच्या वर्गात कोणी शिकवले नाही. ते जातीच्या वर्गातच शिकवले जाते.

६ सप्टेंबर २०२३ चा राज्य शासनाचा निर्णय आठवा. नऊ संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा तो निर्णय होता. तरुण रस्त्यावर उतरले आणि २० ऑक्टोबरला तो रद्द करत असल्याची घोषणा झाली. आपण पेढे वाटले. पण स्थानिक संस्थांच्या मनुष्यबळ पुरवठ्याच्या निविदा त्या निर्णयाच्या आधीही निघत होत्या आणि नंतरही निघाल्या. मंत्रालयातला कागद फाटला म्हणून इंद्रभुवनातला फाटत नाही. त्यासाठी इथेच लढावे लागते.

आमच्या मागण्या चार आहेत. एक, संगणक विभागाचा स्वतंत्र संवर्ग आकृतिबंधात यावा, आणि प्रत्येक पायरीवर एकाहून अधिक पदे असावीत, म्हणजे 'एकाकी पदा'ची पळवाट उरणार नाही. दोन, कोणतीही यंत्रणा घेताना तिच्या पाच वर्षांच्या देखभालीचा आणि माणसांचा खर्च त्याच प्रस्तावात लिहावा, आणि मक्तेदारामार्फत घेतलेल्या मनुष्यबळाचा एकूण खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवावा. तीन, निविदेतच किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि पगार थेट बँक खात्यात, या अटी असाव्यात, आणि माहितीची मालकी महापालिकेचीच राहावी. चार, मागासवर्गीय कल्याण निधीतून नुसते संगणक वर्ग भरवू नयेत. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ मध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव ठेवण्याची तरतूद आहे, ती वापरून मुलांना प्रत्यक्ष संगणक विभागात बसवावे.

तुम्ही कोणत्याही शहरात असा, काम एका अर्जाने सुरू होते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार कर्मचाऱ्यांची यादी, त्यांचे वेतन आणि अंदाजपत्रक स्वतःहून प्रसिद्ध करणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर बंधनकारक आहे. ते पाहा आणि नसेल ते मागा. संगणक विभागात मंजूर पदे किती, भरलेली किती? मक्तेदारामार्फत किती माणसे बसतात? त्यांच्यावर गेल्या तीन वर्षांत कोणत्या शीर्षाखाली किती खर्च झाला? बिंदुनामावली शेवटची कधी तपासली? चार ओळींचा अर्ज आहे. आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी आम्ही आता अंदाजपत्रकही ठेवले आहे आणि शनिवारी संध्याकाळी मुले ते वाचायला बसतात.

वेळेचे एक सांगायचे राहिले. नवे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. आपण १४ एप्रिलच्या तयारीला लागतो तोवर वर्षभराच्या पैशांचा निर्णय बहुधा होऊन गेलेला असतो. म्हणून हे निवेदन डिसेंबर-जानेवारीत गेले पाहिजे, खाती आपापली मागणी वर पाठवतात तेव्हा. मिरवणूक एप्रिलमध्ये काढूच.

जय भीम!