मे महिना कुणाचा?

उन्हाळी सुट्टी शिक्षकाची, प्रशिक्षणासाठीही तिला कुणी हात लावू नये, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो. शिक्षक संघटनेच्या बैठकांत तसं बोललो, निवेदनांवर सह्या केल्या. आता ते मत मी सोडलं आहे. दारव्हा तालुक्यातल्या माझ्या काही सोबत्यांना हे वर्मी लागलंय, म्हणून कारण सांगतो.

जुनं मत हवेतलं नव्हतं. नोकरीच्या 12 वर्षांनी पगाराची वरिष्ठ श्रेणी, 24 वर्षांनी निवड श्रेणी. पण प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नसेल तर श्रेणी अडते. त्यामुळे प्रशिक्षण म्हटलं की शिकणं मागे पडायचं आणि पगार डोळ्यांसमोर यायचा. मोबाईलवर चित्रफिती चालू ठेवायच्या, शेवटची प्रश्नावली सोडवायची, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. हे करून कुणाचं गणित शिकवणं सुधारलेलं मी पाहिलं नाही. त्यात इकडचा मे, पारा 44-45 अंशांवर. अशा दुपारी पत्र्याच्या खोलीत बसवून भाषणं ऐकवणं आजही मला मान्य नाही.

मन बदलायला लागलं ते आमच्या छोट्या शाळांमुळे. शिक्षण हक्क कायद्यानुसार 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पहिली ते चौथी चार वर्ग, दोन माणसं. ऑगस्टमध्ये त्यातला एक प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याच्या गळ्यात चारही वर्ग. त्या दिवशी शिकवणं होत नाही, मुलं सांभाळली जातात. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला 200 दिवस मागितलेत. त्यातून निवडणुका, सर्वेक्षणं, माहिती भरणं आधीच आपला वाटा उचलतात. 2020 च्या राष्ट्रीय धोरणात दर शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तास शिकण्याची अपेक्षा आहे. हे तास सुट्टीत नकोत म्हणजे शाळेच्या दिवसांतून हवेत. आमची सुट्टी राखण्यासाठी आम्ही मुलांचे दिवस देऊ करत होतो.

दुसरं कारण 2025 च्या जूनमधलं. श्रेणीसाठीचं प्रशिक्षण त्या वर्षी सुट्टीत, समोरासमोर झालं. व्याख्यानांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पण जेवणाच्या सुट्टीत तांड्यावरच्या शाळेतल्या एका मॅडमनी आपली वही उघडली. त्यांच्या पहिलीतली मुलं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात. मॅडम मुलांना त्यांच्याच भाषेत गोष्ट सांगू देतात, ती देवनागरीत फळ्यावर उतरवतात आणि मुलं स्वतःचीच गोष्ट वाचायला शिकतात. मराठीकडे नंतर वळायचं, दोन्ही भाषा शेजारी ठेवून. वहीत वर्षभरातल्या गोष्टी होत्या, चित्रांसकट. आम्ही डबे बाजूला सारून विचारत राहिलो : गोरमाटीतले उच्चार देवनागरीत कसे बसवता, पालक काय म्हणतात, मराठी मागे पडत नाही ना? शेजारचे एक गुरुजी म्हणाले, "सर, हे आपल्याले शाळा-केंद्राच्या परिषदेत कोन सांगते? तिथं तं माहिती भरन्यातच दिवस जाते."

खरंच आहे ते. असं बोलायला निवांतपणा लागतो आणि तो आम्हाला सुट्टीतच मिळतो. शिवाय आमच्या भागातली कितीतरी बंजारा कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपला की परततात. म्हणजे ज्या पालकांना भेटायला आम्ही हिवाळाभर कुलूपबंद घरं पाहून येतो, ते उन्हाळ्यात घरी असतात. त्यांच्या ओट्यावर सकाळी बसून त्यांची भाषा, त्यांच्या गोष्टी वहीत घेणं यालाही प्रशिक्षणाचे तास धरायला हवेत. मला तर ते सगळ्यात मोलाचे वाटतात.

अटी मात्र मी सोडलेल्या नाहीत. संपूर्ण मे मागू नये. विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात, तर जूनच्या मध्यावरचे आठ-दहा दिवस घ्यावेत, तेही सकाळचे. यवतमाळला चाळीसेक किलोमीटर धाडण्यापेक्षा तालुक्यातच बसवावं. विषय आमच्याकडून मागवावेत आणि निम्मे तास शिकवणाऱ्यांनाच बोलायला द्यावेत. जितके दिवस बोलावलं तितक्या दिवसांची अर्जित रजा खात्यावर जमा करावी; घरी लहान लेकरं असलेल्या मॅडमना तारखा निवडू द्याव्यात.

संघटनेच्या पुढच्या बैठकीत मी हा ठराव मांडणार आहे. विरोध होईल, माझी जुनी भाषणं काढली जातील. विरोध करणाऱ्यांनी एवढं मात्र सांगावं : ऑगस्टमध्ये ते प्रशिक्षणाला गेल्यावर त्यांच्या पहिली-दुसरीला कोण शिकवतं?